घटका भरण्याची किंमत

घटिकापात्र म्हणजे तांब्याची अर्धगोल वाटी आणि तिच्या तळाला एक बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडली की भोकातून पाणी आत चढू लागते, वाटी जड होत जाते आणि काठ पाण्याला टेकला की क्षणात तळाला जाते. एवढ्या अवधीला घटका म्हणत. दिवसरात्र मिळून घटका ६०, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. भोक केवढे असावे याचेही माप ठरलेले होते. चार माषे सोन्याची चार अंगुळे लांब सळई करावी आणि तिच्या जाडीएवढे भोक पाडावे, असे भागवतपुराणात सांगितले आहे. भास्कराचार्यांचा मार्ग अधिक व्यवहारी होता. हाती असेल ते पात्र घ्यावे, दिवसरात्रीत ते किती वेळा बुडते हे मोजावे आणि त्यावरून एका बुडण्याचा काळ काढावा. आजच्या भाषेत हे उपकरणाचे प्रमाणीकरण झाले, आणि प्रयोगशाळा आजही हेच करतात.

महाराष्ट्रात हे पात्र लग्नघरी सर्वांत जास्त काळ टिकले. मुहूर्ताची घटका भरेपर्यंत मंगलाष्टके चालत. पाण्यातला एखादा कण भोकात अडकला तर मुहूर्तच चुकायचा. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नाची प्रसिद्ध दंतकथा याच भीतीतून आलेली आहे. तीत भोक बुजवणारा कण मोत्याचा आहे. कथेला ऐतिहासिक आधार नाही, पण ती रचणाऱ्याला घटिकापात्राची दुखरी जागा अचूक ठाऊक होती. घटका, घडी आणि घड्याळ हे शब्द या घटीच्याच घरचे. ‘तास’ हाही मूळचा फारसीतला, भांड्याला लावायचा शब्द. पुढे तो टोला देण्याच्या धातूच्या थाळीला लागला आणि शेवटी ६० मिनिटांच्या अवधीला. माणसाचा अंत जवळ आला की मराठीत ‘घटका भरत आली’ म्हणतात, तेव्हाही डोळ्यांपुढे ही वाटीच असते.

शब्दांच्या या वंशावळीत एक गोष्ट दडलेली आहे. बुडालेली वाटी आपण होऊन वर येत नाही. कोणीतरी ती उचलून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवावी लागते. शिवाय वाटी बुडाल्याचे गावाला कळवायचे तर थाळीवर टोला हाणावा लागतो. बाबराने हिंदुस्थानातल्या शहरांत या कामावर नेमलेले घडियाली पाहिले आणि आत्मचरित्रात त्यांची पद्धत सविस्तर नोंदवली. म्हणजे घड्याळाला दोन खर्च आले, एक ते चालवण्याचा आणि दुसरा ते वाचण्याचा. पुढच्या कित्येक शतकांत वाटीची जागा लोलकाने, लोलकाची स्फटिकाने आणि स्फटिकाची अणूने घेतली. प्रत्येक वेळी लक्ष पहिल्या खर्चावर राहिले. दुसऱ्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ मध्ये लोलकाचे घड्याळ तयार केले. त्याआधीची यांत्रिक घड्याळे दिवसाला साधारण पाव तास चुकत. हायगेन्सच्या रचनेने ही चूक काही सेकंदांवर आणली. कारण सोपे आहे. लोलकाला स्वतःची अशी एक लय असते. दाते, वजने, साखळ्या यांच्याकडून ती येत नाही. पण ज्याला अजिबात घर्षण नाही असा लोलक कितीही वेळ हलला तरी घड्याळ होत नाही. त्याच्या हेलकाव्यांचे चित्रीकरण उलटे फिरवले तर सुलट कोणते आणि उलट कोणते हे ओळखता येणार नाही. किती हेलकावे झाले याची खूण त्यात कुठेच उरत नाही. ती खूण उमटवण्याचे काम लोलकाजवळच्या, जहाजाच्या नांगराच्या आकाराच्या तुकड्याचे. दर हेलकाव्याला तो दातेरी चाकाचा एक दात सोडतो आणि पुढचा अडवतो. अडवला गेलेला दात धातूवर आपटतो, तोच टिक असा ऐकू येणारा आवाज. वर चढवलेल्या वजनाची थोडी ऊर्जा त्या आघातात कायमची उष्णता होऊन जाते आणि चाक एका दाताने पुढे सरकते. ते मागे येत नाही, म्हणूनच मोजणी होते.

हाच आघात लोलकाची लयही बिघडवतो. दात सुटताना लोलकाला धक्का बसतो. धक्का नसता तर लोलक थांबला असता, आणि धक्का आहे म्हणून त्याचा ताल थोडा इकडेतिकडे होतो. अडीचशे वर्षे घड्याळजींची बरीचशी कल्पकता या एका अडचणीवर खर्ची पडली. तिच्यावर सर्वांत देखणा तोडगा काढला तो विल्यम हॅमिल्टन शॉर्ट या इंग्रज रेल्वे अभियंत्याने. त्याच्या घड्याळात लोलक दोन होते. एक हवा काढून घेतलेल्या तांब्याच्या नळकांड्यात जवळजवळ मोकळा झुलणारा, दुसरा साध्या घड्याळातला, कष्टाची सगळी कामे करणारा. नोकर लोलक काटे फिरवी, विजेचे संदेश पाठवी आणि दर ३० सेकंदांनी धन्याला हलका धक्का द्यायची वेळ झाली की खूण करी. मग एक छोटा दांडा मोकळ्या लोलकावर टेकून घरंगळे आणि जाता जाता त्याला लागेल तेवढीच ऊर्जा देई. बाकी वेळ धन्याला कोणी हात लावत नसे. १९२१ मध्ये एडिंबरोच्या वेधशाळेत बसवलेले हे घड्याळ वर्षाला सुमारे एक सेकंद चुके. १९८४ मध्ये अमेरिकी नौदल वेधशाळेतल्या अशाच एका जुन्या घड्याळाचा मोकळा लोलक प्रकाशकिरणाने, म्हणजे त्याला न शिवता, वाचून पाहिला. तेव्हा तो १२ वर्षांत एखादाच सेकंद चुकेल इतका नियमित निघाला. चंद्रसूर्याच्या ओढीने गुरुत्वात पडणारा सूक्ष्म फरकही त्यात दिसला. अर्धशतकाहून अधिक काळ घड्याळाच्या नावावर मांडलेल्या चुकीचा मोठा भाग वाचणाऱ्या यंत्रणेचा होता.

मधल्या काळात क्वार्ट्‌झ स्फटिक आला. वॉरन मॅरिसनने १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत पहिले क्वार्ट्‌झ घड्याळ केले आणि १९६९ च्या नाताळात सेको कंपनीने ते मनगटावर आणले. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे तिला पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला एक ठोका मिळतो. चालायला एक मायक्रोवॅटच्या आसपास शक्ती पुरते. बाजाराच्या दृष्टीने कालमापनाचा प्रश्न इथे सुटला होता.

भौतिकशास्त्रात मात्र तो त्याआधीच, मॅरिसनच्या घड्याळाच्या सुमारास, नव्याने उभा राहिला होता. ऑक्टोबर १९३० मध्ये ब्रुसेल्सला सहावी सॉल्व्हे परिषद भरली होती. तिथे आइन्स्टाइनने नील्स बोरपुढे एक काल्पनिक पेटी ठेवली. पेटीत प्रकाश कोंडलेला, तिच्या भिंतीला एक झडप आणि झडपेला जोडलेले घड्याळ. घड्याळ नेमक्या क्षणी झडप उघडून एकच प्रकाशकण बाहेर सोडते. पेटीचे वजन आधी आणि नंतर केले की गेलेले वस्तुमान कळते, वस्तुमानावरून ऊर्जा कळते, आणि क्षण तर घड्याळाने ठरवलेलाच आहे. ऊर्जा आणि काळ दोन्ही एकाच वेळी हवे तितके अचूक मिळाले, मग अनिश्चिततेचे तत्त्व कुठे राहिले? बोर त्या संध्याकाळी हवालदिल झाला होता, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उत्तर आणले, आणि ते आइन्स्टाइनच्याच सिद्धान्तातून. वजन करायचे तर पेटी काट्याला टांगली पाहिजे आणि काटा हलला पाहिजे. काटा हलला की पेटी वरखाली होते. गुरुत्वाकर्षणात उंचीवरचे घड्याळ खालच्या घड्याळापेक्षा जलद चालते, हे सामान्य सापेक्षतेने सांगितलेले होते. त्यामुळे वजन जितके अचूक, तितका घड्याळाचा वेळ संदिग्ध. बोरने पुढे या पेटीचे चित्र काढले तेव्हा तिला स्प्रिंग, दर्शक काटा आणि पाया घट्ट करणारे बोल्टसुद्धा दाखवले. हा तपशील हौसेखातर नव्हता. घड्याळ ही वजन असलेली, कुठेतरी टांगलेली वस्तू आहे, हे विसरले की कोडे पडते, असा त्याचा रोख होता. बोरच्या युक्तिवादाच्या काटेकोरपणाबद्दल नंतर पुष्कळ वाद झाले, तरी हा रोख टिकून राहिला.

तीन वर्षांनी वोल्फगांग पाउलीने आणखी एक अडचण दाखवली. पुंजयामिकीत स्थान, संवेग, ऊर्जा यांच्यासाठी ज्या प्रकारची गणिती राशी वापरतात तशी काळासाठी वापरता येत नाही, कारण ऊर्जेला खालून तळ असतो. म्हणजे वेळ थेट मोजता येत नाही. मोजता येते ते एखाद्या वस्तूचे बदलणे, आणि वेळ त्यावरून अनुमानाने काढायची. अशी वस्तू किती लहान असू शकेल, हा प्रश्न युजीन विग्नरने १९५७ मध्ये आणि पुढच्याच वर्षी हेल्मुट सालेकर याच्यासह हाताळला. हलक्या वस्तूची जागा काळाबरोबर वेगाने पसरत जाते, आणि जागा संदिग्ध झाली की तिच्याकडून निघालेला प्रकाशाचा संदेश कधी निघाला तेही संदिग्ध होते. शिवाय प्रत्येक संदेश निघताना घड्याळाला मागे ढकलतो. विग्नरच्या हिशेबाने एक दिवस चालणारे आणि सेकंदाच्या दहा कोटीव्या भागापर्यंत अचूक असणारे सुटे घड्याळ जवळजवळ एक ग्रॅम वजनाचे हवे. इतकी मर्यादा केवळ अनिश्चिततेच्या तत्त्वातून येते. कारागिराचे कसब तिथे उपयोगाचे नाही.

प्रत्यक्षात घड्याळे याच वर्षांत अणूकडे वळत होती. लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी १९५५ मध्ये इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे सीझियमचे घड्याळ चालू केले. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच बदलली. सीझियम अणूच्या एका विशिष्ट संक्रमणातल्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांचा काळ म्हणजे एक सेकंद. अणू झिजत नाही, त्याला तेल लागत नाही, आणि एक सीझियम अणू दुसऱ्यासारखाच असतो. त्याची अडचण वेगळीच निघाली. मायक्रोवेव्हची वारंवारिता बरोबर आहे की नाही हे अणूला विचारायचे तर प्रत्येक अणू फक्त हो किंवा नाही एवढेच उत्तर देतो. वारंवारितेतला फरक सर्वांत तीव्रपणे जाणवतो तिथे ही उत्तरे निम्मीनिम्मी येतात, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. १०,००० अणूंना विचारले तर उत्तरात शंभरात एक इतका गोंगाट उरतो. तो दहापट कमी करायचा तर अणू शंभरपट लागतात. हा गोंगाट १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेत ठेवलेल्या आयनांवर स्वच्छ मोजला गेला. उपकरण कितीही शुद्ध केले तरी तो जात नाही. अणूंची नाणी एकमेकांना बांधून, म्हणजे त्यांच्यात पुंजीय गुंता निर्माण करून, तो थोडा खाली आणता येतो, आणि २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये इटर्बियमच्या घड्याळावर तसे करूनही दाखवले गेले.

एकाच आयनावर चालणाऱ्या घड्याळांत ही अडचण टोकाला जाते. नाणे एकच, तेव्हा तेच पुन्हापुन्हा उडवत दिवस काढावे लागतात. त्याच्या बदल्यात आयन निर्वातात, निवांत, एकटा मिळतो. पुण्याच्या आयुका संस्थेत इटर्बियमच्या एका आयनावर असे घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर येथे २०१० मध्ये ॲल्युमिनियम आयनाची दोन घड्याळे एकमेकांशी ताडली. त्यांतले एक केवळ ३३ सेंटिमीटर वर उचलले, आणि ते जलद चालू लागल्याचे दिसले. २०२२ मध्ये त्याच गावात स्ट्राँशियम अणूंच्या एका मिलिमीटरभर उंचीच्या ढगात वरच्या आणि खालच्या अणूंच्या लयीतला फरकही पकडला गेला. एका मिलिमीटरमागे हा फरक सुमारे अब्जांशाच्या अब्जांशाचा दहावा भाग इतका असतो. बोरच्या पेटीतला युक्तिवाद ज्या परिणामावर उभा होता तो आता टेबलावर दिसतो. घड्याळ इतके अचूक झाले की त्याला एक उंची आहे असे म्हणणेच अपुरे पडते, कारण वरच्या टोकाची वेळ आणि खालच्या टोकाची वेळ निराळी असते.

दुसरीकडे घड्याळे आकाराने आटत होती. २००४ मध्ये बोल्डरमध्येच तांदळाच्या दाण्याएवढ्या आकारात सीझियमची वाफ, लेसर आणि प्रकाश टिपणारा संवेदक बसवला गेला. त्याला ७५ मिलिवॅट शक्ती लागे. तिचा मोठा वाटा वाफ तापती ठेवण्यात जाई, मोजणीत नव्हे. मग घड्याळाला मुळात किती खर्च अपरिहार्य आहे, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. तो उष्मागतिकीचा प्रश्न आहे. घड्याळाचा ठोका परत फिरता कामा नये, आणि जे परत फिरत नाही त्यात एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचे माप, वाढलीच पाहिजे.

अचूकतेचे माप यासाठी नव्याने ठरवावे लागले. घड्याळ एका ठोक्याने चुकेपर्यंत सरासरी किती ठोके देते, ती त्याची अचूकता. घटिकापात्राला हे माप सहज लागू पडते. समजा प्रत्येक घटका योगायोगाने एखाद्या मिनिटाने कमीजास्त भरते. अशा चुका एकमेकींना अंशतः खोडत जातात, म्हणून एकूण चूक २४ मिनिटांची व्हायला २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ घटका लागतात. साडेनऊ दिवसांनी हे पात्र एका घटकेने चुकलेले असेल.

जर्मनीतील आन्द्रे बारातो आणि उडो सायफर्ट यांनी २०१५ मध्ये या चुकीची किमान किंमत मांडली. रेणूंच्या धक्क्यांवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राची अनिश्चितता १ टक्क्यावर आणायची तर आसपासच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या एककात निदान २०,००० एकके खर्च झाली पाहिजेत. चूक निम्मी करायची तर किंमत चौपट. खोलीच्या तापमानाला ही २०,००० एककेही फार क्षुल्लक असतात. मनगटी क्वार्ट्‌झ घड्याळ एका सेकंदात त्याच्या अब्जावधी पट ऊर्जा जाळते. पाण्यात वीतभर खाली जाणारी तांब्याची वाटी तर याच एककात शेकडो परार्ध उधळते.

पॉल एर्कर, मार्कुस हुबर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये कागदावर सर्वांत लहान स्वयंचलित घड्याळ रचले. त्यात दोन पातळ्यांच्या दोन प्रणाली असतात, एक उष्ण साठ्याला टेकलेली, दुसरी थंड साठ्याला. उष्णता एकीकडून दुसरीकडे वाहताना तिसऱ्या भागाला एकेक पायरी वर चढवते. शिडीच्या माथ्यावर पोचला की हा भाग एक प्रकाशकण सोडून तळाशी कोसळतो, आणि तो प्रकाशकण हाच ठोका. वाटी इथे शिडी झाली आहे आणि तिला रिकामी करणारा माणूस नाही. पण दोन्ही साठ्यांच्या तापमानात फरक थोडा असला तर शिडीवरचे चढणे-उतरणे सारखेच होते आणि ठोके कधीही पडतात. फरक वाढवला की चढण नियमित होते, आणि वाया जाणारी उष्णताही वाढते. या नमुन्यात अचूकता दर ठोक्यामागच्या एन्ट्रॉपीच्या सरळ प्रमाणात निघाली. २०२१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये याची प्रत्यक्ष तपासणी झाली. सिलिकॉन नायट्राइडचा ५० नॅनोमीटर जाडीचा आणि दीडेक मिलिमीटर रुंदीचा ताणलेला पडदा विजेच्या गोंगाटाने थरथरवला आणि त्याचे हेलकावे मोजले. पडदा पुंजीय घड्याळ म्हणण्याइतका लहान नव्हता, तरी अचूकता एन्ट्रॉपीच्या प्रमाणातच वाढताना दिसली.

ही रेषा सर्वत्र लागू आहे असे काही काळ वाटले होते. मात्र साध्या घड्याळाला जितक्या अवस्था तितकीच अचूकता मिळते, तर पुंजीय घड्याळाला तेवढ्याच अवस्थांत त्या संख्येच्या वर्गाजवळ पोचता येते, असे झुरिकच्या गटाने आधीच दाखवले होते. २०२५ मध्ये व्हिएन्ना, स्वीडन आणि माल्टा येथील संशोधकांनी त्यापुढची पायरी गाठली. त्यांच्या सैद्धांतिक घड्याळात ऊर्जेचा एक कण अणुसदृश भागांच्या वर्तुळावर तरंगासारखा फिरतो. वाटेत काहीच वाया जात नाही, आणि वर्तुळातला एकच दुवा परत न फिरणारा ठेवलेला असतो. अशा घड्याळाची अचूकता एन्ट्रॉपीबरोबर सरळ रेषेत न वाढता घातांकाने वाढू शकते. शॉर्टच्या मोकळ्या लोलकाचीच ही कल्पना आहे, फक्त धन्याला ३० सेकंदांऐवजी संपूर्ण फेरीभर कोणी शिवत नाही.

घडियालीचा टोला मात्र या सगळ्या हिशेबांच्या बाहेर राहिला होता. तो हिशेबात आणला तो २०२५ मध्येच, पुन्हा ऑक्सफर्डमधल्या प्रयोगाने. दोन सूक्ष्म अर्धवाहक ठिपक्यांमधून एकेक इलेक्ट्रॉन उडी मारत जातो, आणि प्रत्येक उडी हा एक ठोका. उडी झाली की नाही हे शेजारचा विद्युतभार संवेदक सांगतो. ठिपक्यांत वाया जाणारी शक्ती आणि संवेदकात वाया जाणारी शक्ती वेगवेगळी मोजली, तेव्हा वाचण्याचा खर्च चालण्याच्या खर्चाच्या अब्जपटीपर्यंत गेलेला आढळला. वर ठिपक्यांमधला प्रवाह पूर्ण समतोलात आणला, म्हणजे इलेक्ट्रॉन जितका पुढे तितकाच मागे उडू लागला आणि घड्याळाची स्वतःची एन्ट्रॉपी शून्यावर आली, तरीही संवेदकाच्या नोंदींवरून वेळ सांगता येत होती. त्या अवस्थेत ठोक्यांना लागणारी सगळी एन्ट्रॉपी संवेदकाच्या बाजूने येत होती.